गुळ्ळकायज्जीची वाटी

आधी माझा गुन्हा सांगते, मग दुसऱ्यांकडे बोट दाखवते.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता आमच्या महिला मंडळाची बैठक बस्तीच्या पडवीत झाली. पर्वाच्या दहा दिवसांत स्पर्धा कोणत्या ठेवायच्या, नाटुकलं कोण बसवणार, पारण्याला काय करायचं, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चतुर्दशीच्या मिरवणुकीला सगळ्यांची एकसारखी साडी असली तर फोटो किती छान येईल!" कुणीतरी कशाला, मीच म्हणाले. लगेच बेळगावच्या एका दुकानदाराला फोन गेला. त्याने दहा फोटो पाठवले. गुलाबी की केशरी यावर पाऊण तास चर्चा झाली (संवर आणि निर्जरेवर आम्ही कधी पाच मिनिटं बोललो नाही). शेवटी केशरी काठाची पांढरी साडी ठरली. एक साडी ८५० रुपये, पन्नास घेतल्या तर ब्लाऊजपीस फुकट. मी वही उघडून नावं लिहायला बसले आणि संध्याकाळपर्यंत बेचाळीस नावं झाली. कोणाची नावं आली नाहीत ते मी पाहिलं नाही. वहीत आलेल्यांचीच नावं असतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वैनी राहतात. दीड एकर रान, दोन म्हशी, नवऱ्याच्या पाठीचं दुखणं. भाद्रपद लागला की बस्तीत पहिला पाय त्यांचा. अक्षता निवडायच्या, अष्टद्रव्याची ताटं लावायची, पूजेची भांडी चिंचेनं घासायची, ही कामं त्यांनी कधी कुणाला विचारून केली नाहीत. गेल्या पर्वात त्या दहाही दिवस आल्या नाहीत. "ताप आलाय" असा निरोप आला. दूध मात्र रोज यायचं. त्यांचा मुलगा सकाळी किटली ठेवून जायचा, म्हशीचं अर्धा लिटर, अभिषेकासाठी, नेहमीप्रमाणे.

क्षमावाणीच्या दिवशी मी काय केलं? हात जोडलेल्या चित्राचा एक मेसेज, खाली "उत्तम क्षमा" लिहिलेला, फोनमधल्या सगळ्यांना एका दमात पाठवला. त्यांनाही गेला. त्यांनी उलट हात जोडलेले पाठवले. झाली क्षमा.

पुढच्या आठवड्यात बस्तीत राहिलेली त्यांची किटली द्यायला गेले. वैनी गोठ्यात वैरण कापत होत्या. ताप उतरला का म्हणून विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "ताप कुठला अक्का. साडी घेतलो नाही मी. पांढऱ्या साड्यांत एक निळी मधेच दिसली असती."

"सांगायचं की. मी दिलो असतो."

"तेच तर नको होतं बघा."

आणि थोडं थांबून, "आठशे पन्नासात म्हशीचं अर्ध्यावर पोतं खाद्य येतंय."

यापुढचं सगळं लिहिणं त्या गोठ्यातून सुरू झालेलं आहे.

कमी खर्चात सण कसा करावा यावर बायकांच्या मासिकांत ढिगानं लेख येतात. जुन्या साडीचं तोरण करा, कागदाचे आकाशकंदील करा, फराळ घरी करा. वाचायला बरं वाटतं. पण ही काटकसर शिकवली कुणाला जाते? जिला ती आधीच येते तिला. आमच्या वैनींना कोणती काटकसर शिकवायची राहिली आहे? चहाच्या गाळलेल्या पावडरीपासून तुळशीला खत करणारी बाई ती. काटकसर शिकायची गरज आहे ती माझ्यासारख्यांना, कारण सणाचा दर आम्ही ठरवतो आणि तो आमच्याहून कमी असणाऱ्यांना भरावा लागतो. मी ८५० रुपये म्हटलं तेव्हा माझ्या लेखी ती साडीची किंमत होती. वैनींच्या लेखी ते मिरवणुकीचं तिकीट होतं.

आता सवालाकडे येते. इथे काही जणांचे चेहरे उतरणार, पण येतेच.

दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. पंडितजी माइकवरून समजावून सांगतात की मान हा कषाय आहे, कुळाचा, धनाचा, रूपाचा, तपाचासुद्धा मद होऊ शकतो. आपण माना डोलावतो. पंडितजी माइक खाली ठेवतात न ठेवतात तोच तो दुसरा कुणीतरी उचलतो: "दुधाच्या अभिषेकाचा सवाल! एक हजार एक! बोला, एक हजार एक, एक वार..." नारळपाण्याचा सवाल, उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा, चंदनाचा, शांतिधारेचा, मंगल आरतीचा. नवव्या दिवशी आकिंचन्य, म्हणजे माझं म्हणावं असं या जगात काही नाही. बाहेरगावचे पाहुणे तोवर आलेले असतात, म्हणून त्या दिवशी आकडे सगळ्यांत वर चढतात. पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. त्यात परिग्रहाला मर्यादा घालायला सांगितलं आहे: शेत, घर, सोनं, चांदी, धन, धान्य आणि शेवटी कुप्य. कुप्य म्हणजे कापडचोपडसुद्धा. नव्या साडीची घडी मोडून, पदर सारखा करत आपण ते ऐकतो. मीही ऐकलं आहे, एकदा नव्हे.

आणि गेल्या वर्षी दुधाच्या सवालात जे दूध मूर्तीवर पडलं, ते कुणाचं होतं? किटली मी ओळखत होते. सवाल घेतलेल्या घराने पाच हजार एक दिले, नाव पुकारलं गेलं, फोटो निघाला. दूध वैनींच्या म्हशीचं. ज्यांनी दूध दिलं त्या घरी बसल्या होत्या.

सवालाची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. बस्तीच्या कमिटीत माझ्या घरची माणसं बसलेली आहेत. उपाध्यांचा पगार, विजेचं बिल, पावसाळ्याआधी कौलं चाळायची, शिखराला रंग, त्यागी आले तर त्यांच्या चौक्याची सोय, हे सगळं कुठून येणार? बस्तीला जमीन असली तरी तिचं उत्पन्न आता नावापुरतं. दहा दिवसांच्या सवालांवर वर्षाचा बराच खर्च निघतो, हे खरं आहे. म्हणून सवाल मुळातून उपटा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की मोठ्या घरांनी द्यायचं ते द्यावं, पण देणं आणि अभिषेकाला उभं राहणं यांची गाठ सोडावी. देणगीची वही वेगळी, अभिषेकाची चिठ्ठी वेगळी. बस्तीच्या पट्टीत जेवढी घरं आहेत तेवढ्या चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात, रोज सकाळी एखाद्या लहान मुलीने त्यातल्या काढाव्यात. आज दूध अमक्या घराचं, उसाचा रस तमक्या घराचा. फार तर शेवटच्या दिवसाची शांतिधारा सवालाला ठेवा, हौस असणाऱ्यांची हौस फिटेल.

यावर मला मिळालेलं उत्तर असं: "मग देणार कोण? नाव पुकारलं नाही तर कुणाचा हात खिशात जात नाही." असं म्हणणारे आपल्याच समाजाला किती हिणवतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आणि खरंच तसं असेल तर दहा दिवसांत आम्ही केलं काय? बस्तीतल्या पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं असतं. पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं होतं. मला कधीकधी वाटतं, गुप्तदान म्हणतात ते हेच असावं.

एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते, तिचा अर्थ आपण विसरलो आहोत. श्रवणबेळगोळला चामुंडरायाने बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती उभी केली, त्याला आता हजारावर वर्षं झाली. गंगांच्या राज्याचा तो सेनापती, पैशाला कमी नाही. पहिल्या अभिषेकाला त्याने दुधाच्या घागरींवर घागरी रिकाम्या केल्या. दूध काही केल्या कमरेच्या खाली उतरेना. तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिच्या हातात गुळ्ळकायीच्या, म्हणजे वांग्याच्या जातीच्या एका फळाच्या, पोखरलेल्या करवंटीत चमचाभर दूध. लोक हसले. तिने ते ओतलं आणि मस्तकापासून पायापर्यंत मूर्ती न्हाऊन निघाली, दूध डोंगरावरून खाली वाहिलं. म्हातारी कोण होती यावर कथा वेगवेगळ्या आहेत, कुणी कूष्मांडिनी देवी म्हणतात. नाव राहिलं ते गुळ्ळकायज्जी, त्या फळाची आजी. तिची मूर्ती आजही तिथे बाहुबलींच्या समोर आहे, हातात ती वाटी धरून. सहल काढून जाणाऱ्या आपल्यातल्या कित्येकजणी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की ही आजी आज आपल्या बस्तीत आली तर माइकवाला तिला पुढे येऊ देईल का? एक वार, दोन वार, तीन वार होऊन गेलेले असतील. "आजी, बाजूला बसा, जेवण साडेअकराला आहे" असं तिला सांगितलं जाईल.

हो, जेवण. "आम्ही खर्च करतो म्हणून चार गरिबांच्या तोंडात घास पडतो," हा दुसरा मोठा मुद्दा. पण गुळ्ळकायज्जी जेवायला आली नव्हती. ती अभिषेकाला आली होती. पंगतीत बसवून घेणं आणि पूजेत उभं राहू देणं यांत फरक आहे. आमच्या वैनींना जेवायला कुणी नको म्हटलं नव्हतं. त्यांना पंगत नको होती, ताटं लावायची होती.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तर माणूससुद्धा नाही, एक बेडूक आहे. राजगृहाला महावीरांच्या दर्शनाला श्रेणिक राजा हत्तीवरून निघाला, सगळं गाव निघालं, आणि एक बेडूकही तोंडात एक फूल धरून उड्या मारत निघाला. वाटेत हत्तीच्या पायाखाली सापडला आणि देव झाला. आचार्यांनी पूजेचं माहात्म्य सांगायला उदाहरण घेतलं ते श्रेणिकाचं नव्हे, त्याच्या हत्तीचं तर नव्हेच. आपण मात्र दरवर्षी सत्कार करतो तो हत्तीचा.

आता पैशाचं बोलू, कारण पैशाचं बोलायला आपण लाजतो आणि लाजतो म्हणूनच बुडतो. बाहेरच्यांना वाटतं जैन म्हणजे पेढीवाले. आपल्याकडे, चिकोडी-निपाणी-हुक्केरीच्या पट्ट्यात, नांगर धरणारे जैन किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. या घरांचं वर्ष कसं जातं? जूनमध्ये पोरांची फी आणि वह्या, त्याच महिन्यात सोयाबीनचं बी आणि खत, जुलै-ऑगस्टमध्ये भांगलणीची मजुरी. तंबाखूवाल्यांची लावण याच दिवसांतली, म्हणजे पुन्हा खर्चच. भाद्रपदापर्यंत घरातून सगळं बाहेर गेलेलं असतं, आत काहीच आलेलं नसतं. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघणार. कारखाना दिवाळीनंतर पेटणार, ऊस त्यानंतर जाणार. कायद्याने बिल चौदा दिवसांत मिळायला हवं, पण कायदा आणि कारखाना यांची भेट दरवर्षी होतेच असं नाही. म्हणजे नागपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत हातात असतं ते फक्त डेअरीचं दर दहा दिवसांचं दूधबिल, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार, तेही आले तर. (पलीकडे कागलला दिलेल्या लेकींना लाडक्या बहिणीचे दीड हजार. सीमाभागात आता बायका भेटल्या की आधी हाच हिशेब निघतो.)

नेमक्या या रिकाम्या महिन्यात आपण साडी, वाण, सजावट, उद्यापन लावून दिलं. अनंताच्या नोंपीचं चौदा वर्षांनी उद्यापन येतं. व्रत म्हणून किती सुंदर आहे ते. चौदा वर्षं एक बाई नेमानं उपवास करते, आणि पंधराव्या वर्षी तिला काळजी पडते ती कर्मक्षयाची नव्हे, तर शंभर घरांत स्टीलचा डबा वाटायचा की पितळेची समई, याची. अमकीने चांदीचा मुलामा दिलेली ताटली वाटली, मग मी प्लास्टिकची बुट्टी कशी देऊ? माझ्या कपाटावर असे सतरा डबे पडून आहेत. कुणाचा कुठला ते मला आठवत नाही, आणि देणारीचा हप्ता अजून चालू असेल.

हप्त्याचं मी उगाच म्हणत नाही. आठवड्याच्या ठरलेल्या वारी गल्लीत फायनान्सचा माणूस येतो आणि बायका गोल करून बसतात. एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरायचा. सक्तीच्या वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. त्या कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं म्हैस, शिलाई मशीन, दुकान. सणासाठी असं कुणी लिहीत नाही. पण कर्ज कधी घेतलं, तो महिना बघा.

यावर कुणी म्हणेल, बाईला वर्षातून एकदा हौस करावीशी वाटते, तीही तुम्ही हिरावून घेणार? हा प्रश्न मला बोचतो, कारण तो खरा आहे. आपल्या बायकांना घराबाहेर पडायला, मोठ्यानं हसायला, गाणं म्हणायला, नाटकात राजा व्हायला दहा दिवसच मिळतात. ती हौस मी सोडा म्हणत नाही. मी म्हणते, हौस कशात आहे ते आठवा. माझ्या लहानपणी पारण्याची खीर बस्तीच्या आवारात व्हायची. खपली गहू आदल्या दिवशी ओलवून उखळात सडायचे, तेव्हा प्रत्येक घरची एक बाई आली पाहिजे असा नियम होता. प्रत्येक घराने एक शेर गहू आणायचा, ज्याचं गुऱ्हाळ त्याने गूळ द्यायचा, ज्याच्या परसात नारळ त्याने नारळ. कुणाचा शेर भरून, कुणाचा थोडा उणा. सगळं एकाच काहिलीत पडलं की कुणाचा गहू कुठला ते देवालाही कळलं नसतं. मुसळ उचलताना गाणी व्हायची, सासवांच्या नकला व्हायच्या, नव्या सुनांची ओळख तिथेच व्हायची. पूजा संस्कृतात, प्रवचन मराठीत आणि भांडणं कानडीत. खीर संध्याकाळच्या आत संपवायची, कारण दिवस मावळल्यावर जेवायचं नाही.

आता केटरर येतो. हिरव्या पडद्यामागे त्याची माणसं भाज्या चिरतात. कांदा-लसूण-बटाटा नसला की झालं जैन, मग त्यात जैन मंचुरियन आलं, जैन पावभाजी आली, पनीरचं काहीतरी लाल आलं. ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, कुणाशी न बोलता खायचं, घरी जायचं. माणशी अडीचशे-तीनशे रुपये देऊन आपण काय विकत घेतलं? एकमेकींपासून सुटका. खपलीच्या खिरीला माणशी किती लागेल याचा हिशेब मी आमच्या वहीत केला आहे. गहू, गूळ, खोबरं, वेलदोडा, वर आमटी-भात आणि एक भाजी, सगळं मिळून साठ रुपयांच्या आत बसतं, आणि तेही सगळं विकत आणलं तर. राहिलेले पैसे बस्तीच्या पत्र्याला घाला. सवालाचा एक आकडा आपोआप कमी होईल.

आपल्याच मातीतल्या दोन गोष्टी आठवून देते. निपाणीजवळच्या भोजचे सातगोंडा पाटील म्हणजेच चारित्र्यचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज. अंगावर सूत नाही, दिवसातून एकदा ओंजळीत मिळेल तेवढाच आहार. १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला ती तिथी भाद्रपद शुद्ध द्वितीया, म्हणजे पर्व सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. त्या पुण्यतिथीला आपण जे फलक लावतो त्यावर महाराजांचा फोटो केवढा असतो आणि शुभेच्छुकांचे किती, ते यंदा मोजून बघा. दुसरी गोष्ट १८९९ सालची. निपाणीच्या घाटातल्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, आणि तेव्हाच्या जाणत्या लोकांनी समाजाचा पैसा वळवला तो पोरांच्या बोर्डिंगांकडे. आपल्यातल्या किती घरांतले आजोबा अशा बोर्डिंगात राहून शिकले ते घरी विचारा. कुंभोजच्या भाऊराव पाटलांचं, कर्मवीरांचं, नाव आपण अभिमानानं घेतो. साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. कुठल्याही माइकवर त्याचा सवाल झाला नव्हता. मुलं कुठल्या जातीची हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

दिवाळीचं थोडक्यात सांगते. आपल्याला ती महावीरांच्या निर्वाणाची पहाट. पावापुरीला दिवे लागले याचं वर्णन जिनसेनांच्या हरिवंशपुराणात आहे, आणि ते इ.स. ७८३ मधलं आहे. बाराशे वर्षांपूर्वीसुद्धा दिवेच होते. पणतीला तेल किती लागतं? पण आता निर्वाण लाडूचाही सवाल होतो, सगळ्यांत मोठा लाडू कुणाचा म्हणून. आणि लाडू चढवून परत येताना वाटेत पोरांच्या हातात फटाके. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारे आपण.

हा सगळा पाढा मी यंदाच्या बैठकीत वाचला. तिघी उठून गेल्या. एकीने म्हटलं, "अक्का, तुम्ही पन्नास साड्या नेसून झाल्यावर आता आम्हाला सांगायलाय." खरं होतं, मी मान खाली घातली. मग मतं घेतली. बस्तीत खीर करायची, हे जवळजवळ सगळ्यांना पटलं, म्हाताऱ्या तर टाळ्या वाजवायला लागल्या. चिठ्ठ्यांचा विषय कमिटीकडे पाठवायचं ठरलं, म्हणजे तो कुठे जाऊन बसेल हे मला ठाऊक आहे, पण मी पाठ सोडणार नाही. स्तवनिधीची सहल खाजगी गाडीने न जाता बसने काढायची ठरली. २०२३ च्या जूनपासून आपल्याला साध्या बसला तिकीट नाही, तरी आपण माणशी चारशे काढून ट्रॅव्हलर सांगत होतो. गाडीला मंडळाचा फलक लावता येतो म्हणून.

साडीवर मात्र अडलं. नको म्हणणाऱ्या अकरा, हवी म्हणणाऱ्या चौदा. शेवटी अध्यक्षीणबाईंनी सुवर्णमध्य काढला, "साडी ऐच्छिक ठेवू. ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी." सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. ऐच्छिक हा शब्द मला सक्तीपेक्षा वाईट वाटतो. सक्ती असली तर निदान भांडता येतं, सक्ती करणारीला नाव ठेवता येतं. ऐच्छिक म्हटलं की जिने घेतली नाही तिने आपल्या इच्छेने घेतली नाही असं होतं, आणि सगळ्या मिरवणुकीत तिची इच्छा नव्हे, ऐपत दिसते.

तेव्हा ऐच्छिकच असेल तर माझी इच्छा सांगते. ज्यांच्या कपाटात दहा-वीस साड्या आहेत, ज्यांना आठशे पन्नास म्हणजे काहीच वाटत नाही, त्यांनी यंदा ती साडी घेऊ नये. आपण, आपणच. घरातली, नेसून मऊ झालेली नेसावी, आणि मागे नाही, मिरवणुकीत पहिल्या ओळीत चालावं, म्हणजे फोटोत आधी आपण दिसू. अकराजणी आहोत. अजून चार मिळाल्या तर पांढऱ्यात निळं कोणतं आणि निळ्यात पांढरं कोणतं हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

परवा वैनींकडे गेले होते. त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खपली सडायला येतो मी. मुसळ आमच्यातलं आणतो, बस्तीतलं हलकं आहे." मिरवणुकीचं विचारलं नाही त्यांनी, मीही काढलं नाही.

माझी जुनी इरकल मी ट्रंकेतून काढून ठेवली आहे. काठाजवळ एका ठिकाणी विरली आहे, तेवढं रफू करून घ्यायचं राहिलंय.